शिऱ्याचा डबा

व्हँकुव्हरला ऑलिम्पिक व्हायच्या आधीची गोष्ट. नागपूरला वडील वारले आणि मला वेळेवर पोचता आलं नाही, तेव्हापासून देवाशी माझा अबोला होता. सासूबाई पुण्याहून आल्या, त्यांनी आमच्या काँडोत सत्यनारायण घातला, तेव्हाही मी पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून होते. दुसऱ्या दिवशी मी आणि मंदार, माझा नवरा, स्नोशूज घालून डोंगरात जाणार होतो. निघताना सासूबाईंनी प्रसादाचा शिरा स्टीलच्या डब्यात भरला. "आई, प्लॅस्टिकचा दे ना, कॅरी करायला लाइट," मंदार कुरकुरला. "प्रसाद प्लॅस्टिकमध्ये देत नाहीत," त्या म्हणाल्या आणि डबा त्याच्या सॅकमध्ये सगळ्यात वर कोंबला. मला मनातून हसू आलं.

आठवडाभर कडाक्याची थंडी, मग भरपूर ताजा बर्फ आणि त्या सकाळी एकाएकी उबदार वारा. अशा वेळी बर्फाचा वरचा थर खालच्याला धरून राहत नाही, हे वाटेच्या तोंडाशी फलकावर लिहिलंही होतं. आम्ही ते वाचलं आणि "थोडंच वर जाऊ" म्हणत पुढे गेलो. उतारावर मंदार माझ्यापुढे होता. धप्प असा आवाज झाला, बर्फाला लांबलचक चीर गेली आणि अख्खा उतार त्याला घेऊन खाली सरकला. मी काठावर वाचले. सगळं थांबलं तेव्हा खाली त्याची एक काठी तेवढी दिसत होती.

मी धावत जाऊन हातांनी बर्फ उपसू लागले आणि इतक्या महिन्यांनी देवाला हाका मारू लागले. माझं भांडण मिटलं, तू फक्त त्याला दे, एवढंच म्हणत होते. तेवढ्यात वरच्या झाडीतून पिकल्या केसांची एक बाई स्कीवरून उतरली. तिच्याजवळ फावडं आणि लांब सळई होती. "बीकन?" तिने विचारलं. गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. ती काठीच्या आसपास सळई खुपसत निघाली. एका जागी टण् असा बारीक आवाज आला. "रॉक," म्हणत तिने सळई उपसली आणि पुढे सरकली.

तो आवाज मी रोज स्वयंपाकघरात ऐकत होते. "नॉट रॉक. डबा," मी ओरडले, "दॅट्स माय हजबंड." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फावडं तिथेच घातलं. आधी सॅक लागली, मग मान. तोंडातला बर्फ काढला तसा मंदार खोकला. त्याच्या खोकल्याइतकं सुरेल मी आजवर काही ऐकलेलं नाही. तो उठून बसल्यावर पोचा पडलेला डबा उघडला. त्या बाईने हातमोजा काढला आणि कुणी न सांगता उजवा हात पुढे केला. मी त्यावर शिरा ठेवला आणि मनातल्या मनात तिच्या पाया पडले.

आता आम्ही बीकन नेतो, फलक वाचून मुकाट्याने परततोही. सॅकमध्ये सगळ्यात वर मात्र तोच डबा असतो. त्या दिवशी माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, म्हणूनच बहुधा ते जोडता आले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं, "प्रसाद सगळ्यांना मिळाला ना?"

"तिघांनाही मिळाला, आई," मी म्हणाले आणि त्यांच्या देवासमोर डोकं टेकलं.