टाळूला न पोचणारी जीभ

लग्नानंतर आम्ही दोघं कोकणातून पुण्याला निघालो, तेव्हा घाटाच्या पायथ्याशी ओझ्याचे बैल बदलले आणि बाबा तिथून परत फिरले. निघताना एवढंच म्हणाले, "जावईबापूंचं सगळं पाठावर आहे. कान उघडे ठेव." ह्यांनी वेद म्हणावेत आणि त्यावर आमचं पुण्यात चालावं, असा बेत होता.

कान मला होते. बाबांची पाठशाळा आपल्या ओटीवरच भरायची. गळ्यावर बोट ठेवून ते मुलांना क आणि ग म्हणायला लावत. ग म्हणताना गळा थरथरतो, क म्हणताना नाही. ओठांसमोर तळहात धरून प आणि फ. फ म्हटला की हाताला वारा लागतो. कुठलं अक्षर तोंडात कुठून निघतं, ते दळता दळता तुम्हा बहिणींनाही पाठ झालं. मला त्याचा उपयोग करावा लागला, इतकंच.

पुण्यात आधी माझ्याच बोलण्याची झडती झाली. शेजारच्या यमुनाकाकूंनी हौदावर विचारलं, "सगळंच नाकातून. सर्दी झाल्यावर तुम्ही कोकणातली माणसं बोलता तरी कशी?"

"पुणेकरांसारखी," मी म्हटलं. त्यानंतर आमचं बरं जमलं.

काही वर्षं नीट गेली. मग एका सकाळी तांदूळ निवडताना ह्यांच्या पाठातला ट मला दातांजवळ ऐकू आला. ट म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागायला हवी. ती वर पोचत नव्हती. पुढे ळ सैल झाला. ह्यांना स्वतःला पत्ता नव्हता, आणि मला भीती त्याचीच वाटली.

"अहो, जीभ जड वाटते का?"

"तुझे कान जड झालेत."

श्रावणातली वैदिकांची परीक्षा जवळ आली होती. तिथे नापसंत झालं, की दरबारची दक्षिणा गेली आणि वर्षभराची बोलावणीही. ह्यांच्या जोडीने म्हणणाऱ्या शास्त्रीबुवांनीही तो ट ऐकला. पण त्या मंडळींत उच्चार बिघडला म्हणजे आळस झाला, आणि आळसाला उपाय एकच, आणखी पाठ.

"हे दुखणं आहे. वैद्यांना बोलवा," मी दाराआडून म्हटलं.

"वहिनी, वेदाला वैद्य लागत नाही. बैठक लागते."

हे बसले. पहाटेपासून दुपारपर्यंत. जीभ दमत गेली तशी अक्षरं गळत गेली. ट, ठ गेले, मग त, थ. मग क सुद्धा घशात अडकू लागला. शेवटी ओठ मिटेनात, तसे प, म ही गेले. पुढचं कुठलं जाणार, ते मला आधी कळायचं. कळून करायचं काय?

परीक्षेला हे पर्वतीखालच्या मांडवात बसले आणि नुसते स्वर उमटले. स्वरांना जीभ कुठे टेकवावी लागत नाही. शास्त्रीबुवा खाली बघत राहिले, असं मला मागून कळलं. मग वैद्य आले. नाडी धरून बराच वेळ बसले आणि औषध न देताच उठले.

आता तुमचे निरोप येतात, परत या, समुद्राची हवा मानवेल. तिकडे तुम्ही ह्यांना प्रत्येक मुंजीत मानाने पाटावर बसवाल, दोन ऋचा म्हणा असा आग्रह कराल आणि मग सगळे तोंडाकडे बघत बसाल. इथे कोणी काही म्हणायला लावत नाही. मी दोन घरी स्वयंपाक करते. दुपारी परतले की हे दाराकडे बघून "आ" म्हणतात. भूक की तहान, ते मी ओळखते. त्या एका "आ"ला जिथे उत्तर मिळतं, ते आमचं घर.

हल्ली पाण्याचाही ठसका लागतो. ह्यांना घेऊन मी घाट उतरणार नाही. आले, तर ह्यांच्यामागे एकटीच येईन.