फोगाला घातलेलं पाणी

वडील जयपूरला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. वाळवंटी झुडपं हा त्यांचा खास विषय. क्वार्टरच्या मागच्या अंगणात खड्डा खणून, जवळच्या चौमूं गावाकडची वाळू भरून त्यांनी फोग नावाचं झुडूप लावलं होतं आणि तीन वर्षं त्याची वाढ वहीत टिपत होते. आम्हाला हुकूम एवढाच, की हात लावायचा नाही. का, ते आईनं दोनदा विचारलं, तर म्हणे तुला काय करायचंय. वर्गात याच झुडपावर ते तासभर बोलत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एकोणीसशे साठच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात ते परीक्षांच्या कामाला महिनाभर बाहेरगावी गेले. फोगाला पानं अशी नसतातच, नुसत्या हिरवट काड्या. आईला वाटलं, वाळतंय बिचारं. त्यात वैशाख, म्हणजे आमच्या साताऱ्याकडे तहानलेल्याला पाणी देण्याचा महिना. तिनं रोज सकाळी फोगाला दोन कळशा घातल्या. वाळूखालची जमीन कठीण, पाणी खड्ड्यातच साचलं. वडील परतले तेव्हा काड्या काळ्या पडल्या होत्या, मूळ कुजलं होतं.

माझ्यादेखत ते आईला म्हणाले, "बाईमाणसाच्या अकलेवर सोडून गेलो, चूक माझीच."

आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आई आठवडाभर धड जेवली नाही. तीन वर्षांचं काम तिच्या हातून गेलं होतं, आणि पुण्य म्हणून गेलं होतं.

आमच्याकडे दूध घालणारी बाई चौमूंकडची. आईनं शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बाईजी, यो तो रेत को झाड़ छै. पाणी सूं गळ जावै." वाळूतलं झाड ते, पाण्यानं कुजणारच. वाळू मोकळी हवी, खोलवर हवी, मुळांना लांब पसरायला जागा हवी, मग पावसाचं पाणी पुरतं. झालं. हे सांगायला तिला दोन मिनिटं लागली, आणि तिला अक्षरओळखही नव्हती!

पावसाच्या तोंडाशी तिनंच बी आणून दिलं. आईनं वडिलांना न विचारता कुंपणापाशी गाडीभर वाळूचा उंचवटा करून घेतला आणि पेरलं. एक रोप जगलं. रुजल्यावर तिनं त्याला पेलाभर पाणीसुद्धा घातलं नाही. दोन वर्षांनी फाल्गुनात त्याला बारीक फुलं आली.

त्याच सुमारास वडिलांकडे दिल्लीचे एक प्राध्यापक आले. वडिलांनी त्यांना मागे नेऊन फोग दाखवला आणि हे आपण बियांपासून वाढवल्याचं सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा! आई चहा घेऊन तिथेच उभी होती. मीही होते, आणि गप्प राहिले, याबद्दल मला स्वतःचाही राग येतो.

पाहुण्यांनी विचारलं, बी किती खोल पेरलंत? वडिलांना कुठून ठाऊक असणार. त्यांनी आईकडे पाहिलं.

"बोटाची दोन पेरं," आई म्हणाली.

वडिलांनी ते इंग्रजीत करून सांगितलं, आणि पाहुण्यांनी वडिलांच्या नावाखाली लिहून घेतलं.