पाठ न केलेलं वाक्य

कॉलेजच्या पथनाट्यात मैत्रिणीचा मोबाइल हिसकावणाऱ्या मुलाचं काम मला मिळालं. सिंदेवाहीच्या बाजारात मी ओरडलो, "पासवर्ड सांग! कोणाशी बोलून राह्यली?" तेवढ्यात भाजी विकणाऱ्या एका बाईनं उठून माझा कान धरला.

"फोन दे पोरीचा!"

"बाई, नाटक आहे जी हे!"

"तुह्यं नाटकच काढतो आता! दे आधी!"

मी निमूट फोन दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आमचं नाटक तिथंच संपलं.

परतताना सगळे म्हणाले, काम अगदी खरं वाटलं. पासवर्डचं ते वाक्य मी माझ्या खऱ्या मैत्रिणीला रोज ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. "विचार करून सांगतो," ती म्हणाली. वर्ष झालं, अजून विचारच करून राह्यली आहे.