बाई वापस येते

सांगेभाऊंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि आमच्या फिरत्या तंबूत इंग्रजी पिक्चर समजावून सांगायचं काम त्यांचंच होतं. पडद्याशेजारी बाकावर उभे राहायचे आणि खुशाल ठोकून द्यायचे. मी मशीन चालवायचो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. राजुऱ्यापासून आलापल्लीपर्यंत लोक पिक्चरपेक्षा भाऊंनाच ऐकायला यायचे.

चालण्याजोगा पिक्चर एकच होता. जुन्या काळचा जहाजवाला व्यापारी आणि त्याची वाट पाहणारी बाई. आमच्या लोकांनी समुद्र कुठून पाहिलेला? भाऊंनी जहाजाच्या जागी जंगलातलं सागवान आणलं. "हा ठेकेदार हाय. म्हणते, एक खेप मारून येतो, मंग लगीन करू." खेपेमागून खेप. शेवटी तो परततो, तर घर रिकामं. बाया डोळे पुसू लागल्या की भाऊ म्हणायचे, "रडू नका वो. मायेरी गेली हाय. वापस येते."

पडद्यावर असलं काही नव्हतं. मी एकदा विचारलं, "भाऊ, काऊन खोटं सांगता?"

"लोकाइले रडवत घरी धाडू का, बाबू?"

त्यांचीही एक होती, सिरोंच्याची पोचक्का. हनुवटीवर तीन टिपके गोंदलेली. स्वतःचा तंबू झाला की लग्न, असं तिला सांगून आले होते. दरवर्षी म्हणायचे, "यंदा नाई जमलं. पुढच्या साली पक्कं." चार वर्षं तीच गोष्ट लोकांना सांगायची आणि ती आपलीच आहे हे कळू नये, याला काय म्हणावं? माझीही सांगायची छाती झाली नाही.

पाचव्या वर्षी मालकानं तंबू सिरोंच्याला नेला. भाऊंनी दाढी घोटली, धुतलेला सदरा घातला. ती आली. तीन टिपके मी दारातच ओळखले. कडेवर लेकरू, दुसरं बोटाला, मागं नवरा. भाऊंना पाहून तिनं पदर सावरला आणि बायांत जाऊन बसली.

भाऊंनी पिक्चर नेहमीसारखा सांगितला. रिकाम्या घराशी मात्र गप्प झाले. तंबूत पहिल्यांदाच नुसती इंग्रजी ऐकू आली. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, बाई वापस येते का नाई?"

"नाई येत, माय," भाऊ म्हणाले. "त्यानंच उशीर केला."

पुढच्या मोसमात मालकानं हिंदी पिक्चर आणले. त्यांना सांगणारा लागत नव्हता. भाऊ तंबूच्या खुंट्या ठोकायला राहिले. जुन्या गावांत लोक हटकून विचारायचे, "भाऊ, थे ठेकेदाराची बाई आली का मंग?" भाऊ मान खाली घालून खुंटी ठोकत राहायचे.