फोटोपुरते हातमोजे

"मास्क काढ. फोटो झाला."

साहेबांनी हात पुढं केला. मी मास्क, चष्मा, रबरी हातमोजे उतरवून त्यांच्या पिशवीत टाकले. पिशवी जीपमध्ये गेली. मंग खरी फवारणी सुरू झाली. उघड्या हातांनी, तोंडाला गमछा बांधून.

अंबडकडं वनखात्याची रोपवाटिका. मी तिथं रोजंदारीवर. सागाच्या रोपांच्या पानांची अळ्यांनी चाळण केल्ती. फोटोत तोंडावर ऊन पाहिजे म्हणून साहेबांनी मला वाऱ्याच्या तोंडाला उभं केल्तं. वाऱ्याकडं तोंड करून फवारू न्हाई, हे मला बराबर माहीत. पण हातमोजे घातलेला मी, छाती काढून उभा. औषध रोपांवर कमी, माझ्यावर जास्त. वर तो फोटो मी साहेबांकडून मागून घेऊन सगळ्या पाहुण्यांना धाडला. मेव्हण्यानं विचारलं, दाजी, चंद्रावर चालले का? मी खूश. असला येडा.

संध्याकाळी उलट्या. हातांची आग. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हातमोजे का घातले नाहीत? बायकोनं भोळेपणानं मोबाइल पुढं केला. घातल्ते की, हे बघा. बाई मलाच रागावल्या, खोटं सांगून इलाज होत नसतो म्हणाल्या. फोटोतला मी एकदम ठणठणीत होतो ना.

बरा होऊन कामावर गेलो. पंप पाठीवर घेण्याआधी हातमोजे मागितले. साहेब हसले. किट एकच, ते सगळ्या रोपवाटिकांत फोटोला फिरतं, म्हणाले. आणि वरून,

"तुमच्या लोकांच्या कातडीला काय होतंय रे? पिढ्यान्‌पिढ्या घाणीत हात घातलेले."

बाकीचे मजूर मातीकडं बघायला लागले.

माझ्या आज्यानं धर्म बदलला, त्या दिवसापासून मेलेलं ढोर ओढलं न्हाई. गावानं पाणी तोडलं तरी न्हाई. त्याचा नातू मी. फोटोसाठी दात काढणारा. लाज वाटली. मंग लाजेचा संताप झाला.

पंप साहेबांच्या पायापाशी ठेवला.

"कातडी तुमची तशी माझी. किट द्या, पंप उचलतो."

"उद्यापासून येऊ नको."

मी येतो. रोज येतो. फाटकाबाहेर बसतो. पंपावर नवा माणूस आला की त्याला वाऱ्याचं सांगतो, हात दाखवतो, अजून सालं निघून राह्यली ते. कालचा माणूस ऐकून माझ्याशेजारी बसला. साहेब पोलिसाची भीती घालतात.

बोलवा. अळ्यांनी सगळा साग खाल्ला तरी चालंल. उघड्या हाताचा माणूस आता ह्या फाटकातून आत जाऊ देणार न्हाई.