रेखाची हत्यारपेटी

देवघरातलं निर्माल्य आणि असे किस्से, दोन्ही सारखेच! टाकवत नाहीत, म्हणून साठत जातात. माझी सून केतकी घरून काम करायची तेव्हा जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या रेखाला प्रोग्रॅमिंग शिकवायची. मी बाजूला वाती वळत बसायचे. किस्से आपोआप ओंजळीत पडायचे.

रेखा मूळची चाकणची. कंपनीत लाइनवर उभं राहून तिचे गुडघे गेले. साहेब म्हणाले होते, "सोमवारी महिन्याचा रिपोर्ट लॅपटॉपवर करून दाखवा, बसून करायचं काम देतो." नाही जमलं तर घरी! मी देवीला ओटी बोलून ठेवली.

*

"लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी तयार ठेवलेली हत्यारांची पेटी समजा," केतकीने पहिल्या दिवशी सांगितलं. "इम्पोर्ट म्हणून हाक मारायची, की हजर!"

रेखाने हाक मारली. स्क्रीनवर लालभडक अक्षरं! खुर्ची सरकवून ही मागे, दोन्ही हात वर.

"अहो, हात का वर?"

"लाइनवर लाल दिवा लागला की कशाला हात लावायचा न्हाई, मॅडम. सुपरवायझरला बोलवायचं!"

"मीच सुपरवायझर. घ्या हात खाली!"

*

एरर आली की शेवटची ओळ आधी वाचायची म्हणे. मला लगेच पटलं. "पोथीतसुद्धा फळ शेवटच्याच अध्यायात असतं," मी म्हटलं.

"आई, उद्यापासून तुम्हीही बसा शिकायला!"

शेवटची ओळ सांगत होती, पेटी मुळी आणलेलीच नाही.

*

मग ती इन्स्टॉल करायला घेतली. वायफाय रडतखडत. त्या दिवशी चतुर्थी. मी रेखापुढे चहा ठेवला, तिने कपाला बोटही लावलं नाही.

"पेटी उतरल्याबिगर न्हाई, काकू."

उपास माझा, आणि चहा सोडला हिने!

*

पेटी उतरली, तरी सापडेना! लॅपटॉप रेखाच्या दिराचा, जुना. त्यात प्रोग्रॅम चालवणारे पायथन निघाले दोन. पेटी एकात, प्रोग्रॅम दुसऱ्यात.

"म्हणजे कलश मांडला एका घरात आणि आरती शेजारी?" मी विचारलं.

केतकी पोट धरून हसली. आता तिच्या ऑफिसात नवीन पोरांची लायब्ररी सापडेना झाली की ती पहिलं विचारते, "कलश कुठे मांडलाय?"

*

एवढं होऊनही रोज पुन्हा तेच! केतकी इन्स्टॉल करून द्यायची, दुसऱ्या दुपारी पेटी गायब. रेखाचा चेहरा उतरत चालला. शेवटी रविवारी केतकी तिच्या पाठीमागेच बसून राहिली.

रिपोर्ट झाला, तक्ता सुरेख आला. लॅपटॉप मिटण्याआधी रेखाने हळूच एक ओळ टाइप केली.

"अहो, अनइन्स्टॉल का करताय?"

"शिफ्ट संपली न, मॅडम. हत्यारं स्टोअरला जमा. मोबाइलवर बघून शिकले मी. पुढच्या शिफ्टच्या बाईला लागली तर?"

केतकीने पेटी परत आणून दिली आणि रेखाचा हात हातात घेतला. "ही तुमची, रेखाताई. कायमची. जमा करायची नाही."

"वहीत सही पण नको?"

*

सोमवारी संध्याकाळी रेखा पेढे घेऊन दारात! मी आधी देवापुढे ठेवले, मग विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"म्हणाले, आजपासून ही खुर्ची तुमची."

"मग?"

"मग काय, काकू! सुटताना ढकलत ढकलत स्टोअरपर्यंत नेली न मी!"