चढ संपतो तिथं

अमरावतीच्या राजापेठेतून मी ज्या काळी-पिवळी जीपनं रोज चांदूर रेल्वेच्या शाळेत जातो, तिचा ड्रायव्हर पन्नाशीचा आणि बोलायला कंजूष आहे. पोहऱ्याच्या जंगलात चढ संपला की तो गाडी थांबवतो, प्रवाशांनी सीटखाली टाकलेल्या अर्धवट बाटल्या गोळा करतो आणि दहा पावलं मागं जाऊन अमरावतीकडच्या उतारावर रिकाम्या करतो. पुढच्या उतारावर कधीच नाही.

एकदा मी कारण विचारलं.

"सर, पुढं सांडलेलं पानी वर्धेत जाते, मांगं सांडलेलं पूर्णेत. पुढच्या गावाइले गोड्या विहिरी भेटल्या, म्हून तिकडं पान्याची ददात नाई. मांगं खाली दर्यापुराकडं जमिनीतलं पानीच खारं. डाळ शिजत नाई. माही बहीन तिकडंच देल्ली."

"पण एवढंसं पाणी पोचतं का तिच्यापर्यंत?"

"नाई पोचत. पन उतार तर तिकडचाच हाये ना."

शाळेत जलविभाजक शिकवताना मी फळ्यावर खडूनं एक रेघ मारतो. त्या सकाळी त्या रेघेवर उभा होतो. एका पायाकडचं पाणी अरबी समुद्राला जाणार, दुसऱ्याकडचं बंगालच्या उपसागराला.

आता भर उन्हाळ्यातही माथा येईपर्यंत मी बाटली संपवत नाही.